घरांतील ‘संत तुकाराम’

प्रभात कंपनीचा १९३६ सालचा कृष्णधवल बोलपट ‘संत तुकाराम’ तबकडीवर निघाल्यामुळें घरीं पाहणें शक्य झालें. आम्हीं तो नांदगाव पेठेस एका स्नेह्यांच्या माजघरांत पाहिला. दामले-फत्तेलालांच्या या कृतीचा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला, हें सर्वश्रुत आहे. आमचा प्रश्न निराळा: चित्रगृहांतील बोलपट घरांत आल्यानें काय साधतें?

लहान पडद्यावर वैकुंठगमनाचा चमत्कार फिका पडतो, हें कबूल केलें पाहिजे. गौरीबाईंची जिजाई मात्र येथें मोठी होते. आजारी पोरासाठीं विठोबावर वहाण उगारणारी ती स्त्री शेजारच्या चुलीपासून उठून आल्यासारखी वाटते. आणि विष्णुपंत पागनिसांचा शांत तुकाराम तिच्यावांचून अपुरा आहे, हें उमगतें.

एक उणीव सांगणें भाग आहे. यांतील बीजाच्या दृष्टांताचें पद शांताराम आठवल्यांचें; पण पुष्कळांस तें तुकोबांचेंच वाटतें. आमच्या तबकडीच्या वेष्टनावर त्याचा खुलासा नाहीं. जुनी कृति जतन करणें म्हणजे केवळ चित्र राखणें नव्हे. ज्याचें श्रेय त्यास देणें हेंहि त्यांतच येतें. तरीहि ही तबकडी प्रत्येक घरीं संग्रहीं असावी.