'पहिला' झाल्यानंतर काय?

आपल्यातला कोणी एखाद्या मोठ्या व्यासपीठावर पहिल्यांदा पोचला की आपण त्याचा सत्कार करतो. करावाच. पण त्याच व्यासपीठावर त्याला दुसऱ्यांदा कोणी बोलावले काय, हे आपण विचारत नाही. हा प्रश्न मला पडला तो जॉर्ज वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादकाचे आयुष्य वाचताना.

डॉ. म. ना. वानखडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे आपले लक्ष वेधले. १९७२ मध्ये 'पँथर' हे नावही आपण तिकडूनच घेतले. मात्र तिकडच्या संगीताचा विषय निघाला की आपण जॅझ आणि ब्लूजपाशी थांबतो. काळ्या माणसाने बाख-बीथोवेन वाजवणे म्हणजे गोऱ्यांची नक्कल, असे आपल्यातलेही काहीजण म्हणतात. मला हे मान्य नाही. कोणी कोणते वाद्य हाती धरावे हे जन्मावरून ठरवणे, हाच तर वर्णव्यवस्थेचा गाभा आहे.

वॉकर १९२२ मध्ये वॉशिंग्टनला जन्मले. वडील जमैकातून आलेले डॉक्टर, तर आजी गुलामगिरी भोगलेली. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत रुडॉल्फ सर्किन यांच्याकडे ते पियानो शिकले आणि १९४५ मध्ये उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांचे एकल वादन झाले. एकल वादनात कलावंताला आडोसा नसतो. वाद्यवृंद नाही, साथीदार नाही. चूक झाली तर ती त्याचीच. या कसोटीला उतरून पंधरवड्यातच त्यांनी फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर राखमनिनॉफचा तिसरा कन्चेर्टो वाजवला. भल्याभल्या वादकांना घाम फोडणारी ही रचना. त्या वाद्यवृंदाबरोबर वाजवणारे ते पहिले कृष्णवर्णीय वादक होते. गुणवत्तेचा याहून वेगळा पुरावा कोणता द्यायचा?

पण पुराव्यावर पोट भरत नाही. आपल्याकडे तमाशाच्या फडाला, बँडवाल्यांना सुपारी लागते. पियानोवादकालाही ती लागतेच, आणि तिकडे ती व्यवस्थापन संस्थांमार्फत मिळते. वॉकरना अशी संस्था मिळायला १९५० साल उजाडले. ती मिळाल्यावरही कार्यक्रम मोजकेच. काळ्या पियानोवादकाचे कार्यक्रम विकले जात नाहीत, असे कारण पुढे करण्यात आले. १९५४ मध्ये त्यांनी युरोपचा दौरा केला, तरी मायदेशी नियमित मैफलींचे आयुष्य त्यांच्या वाट्याला आले नाही. ते अध्यापनाकडे व संगीतरचनेकडे वळले. १९९६ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांना संगीतरचनेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेथेही कृष्णवर्णीयांत ते पहिलेच! २०१८ मध्ये ते वारले.

आजीच्या स्मरणार्थ त्यांनी १९४६ मध्ये रचलेली 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' ही तंतुवाद्यांची रचना मी पुनःपुन्हा ऐकली आहे. एका स्वरामागून दुसरा संथपणे येतो, कोणी कोणाला दडपत नाही. शोक आहे पण याचना नाही. ही श्रेष्ठ कृती आहे. म्हणून कोणी म्हणेल, वादक म्हणून अडवले गेले ते बरेच झाले, संगीतकार तरी लाभला. हा युक्तिवाद निर्दय आहे. अन्यायातून कोणी काही उभे केले तर श्रेय त्या माणसाचे, अन्यायाचे नव्हे.

आता 'पहिला' या शब्दाचा दुसरा उपयोग पाहा. १९५१ मध्ये याच कर्टिस संस्थेने युनिस वेमन या कृष्णवर्णीय मुलीला पियानोच्या वर्गात प्रवेश नाकारला. तीच पुढे नीना सिमोन म्हणून जगाला माहीत झाली. आपल्याला वर्णामुळे नाकारले, असे ती अखेरपर्यंत म्हणत राहिली. त्या बंद दाराआड परीक्षकांच्या मनात काय होते, हे सिद्ध करणे अवघड. पण उत्तर तयारच असते : आम्ही वॉकरला घेतले होते ना? म्हणजे एकाचा प्रवेश हा पुढच्याच्या तक्रारीवरचा तोडगा ठरतो. पहिल्याचा सन्मान संस्थेच्या निर्दोषपणाचे प्रशस्तिपत्र बनतो.

आंद्रे वॉट्सचे काय, असे विचारले जाईल. १९६३ मध्ये सोळा वर्षांच्या वॉट्सला बर्नस्टाइन यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर उभे केले, आणि पुढे कित्येक दशके तो जगभर वाजवत राहिला. मला त्याचा आनंदच आहे. त्याचे आयुष्य एवढेच सांगते की संधी पुनःपुन्हा मिळाली तर काय घडते. टाउन हॉल आणि हा प्रसंग यांच्यात अठरा वर्षे आहेत. वॉकरच्या वादनाची उमेदीची वर्षे तीच होती.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे साधे आहे. यापुढे 'पहिला दलित' म्हणून कोणाच्या सत्काराला गेलात, तर शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर दोन आकडे मागा : त्या संस्थेने त्यालाच पुन्हा किती वेळा बोलावले, आणि त्याच्यामागून आणखी कितीजणांना आत घेतले.