हृदयशस्त्रक्रियेनंतरचं जीवनमान : टी-चाचणी बरोबर, तुलना चुकीची

पीएच.डी.साठी विषय शोधायला लागलात की एक शीर्षक कधी ना कधी समोर येणारच : 'हृदयशस्त्रक्रिया झालेल्या पुरुष व स्त्रियांच्या जीवनमानाचा तुलनात्मक अभ्यास'. पन्नास पुरुष, पन्नास स्त्रिया, एक प्रमाणित प्रश्नावली, टी-चाचणी. शून्य परिकल्पना फेटाळली, स्त्रियांचं जीवनमान सार्थपणे कमी आढळलं, काम संपलं. बीड जिल्ह्यासाठी मी पहिला आराखडा अगदी असाच लिहिला होता, त्यामुळं ही टीका आधी माझ्यावरच आहे.

सगळ्यात मोठी अडचण 'हृदयशस्त्रक्रिया' या शब्दातच आहे. बायपास आणि झडप बदलणं, दोन्ही बहुतेकदा छाती उघडून होतात, पण पेशंट वेगळे. बायपासच्या यादीत पुरुष जास्त, बहुतेक पन्नाशी-साठीचे. झडपेचं दुखणं आपल्याकडं अनेकदा लहानपणीच्या घशाच्या संसर्गातून, म्हणजे रुमॅटिक तापातून येतं. त्यातही मायट्रल झडप आकसण्याचा त्रास बायकांत जास्त, आणि तो तरुणपणीच गाठतो. धातूची झडप बसवली की रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी आयुष्यभर, आणि ठराविक दिवसांनी रक्ताची आयएनआर तपासणी. ही गोळी गर्भाला घातक ठरू शकते, त्यामुळं मूल हवं असेल तर प्रश्न आणखी अवघड.

आता बघा काय होतं. बायपास झालेल्या स्त्रिया कमी भेटतात. मग पन्नासचा आकडा भरायला आपण झडपवाल्या तरुणी घेतो. तक्त्यात लिहितो 'पुरुष' आणि 'स्त्रिया', प्रत्यक्षात तुलना करतो साठीच्या बायपासवाल्याची आणि तिशीच्या झडपवालीची. फरक लिंगाचा, आजाराचा की वयाचा? टी-चाचणीला विचारून उपयोग नाही, ती फक्त दोन मध्यमानं बघते.

फक्त बायपासच घेतली तरी सुटका नाही. जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय की स्त्रिया बायपासपर्यंत पोचतात तेव्हा सरासरीनं वय जास्त असतं, मधुमेह-रक्तदाब जास्त असतो, चालण्या-फिरण्याची ताकद आधीच कमी असते. समजा पुरुषांचा गुण आधी 60 होता, नंतर 70 झाला. स्त्रियांचा 40 होता, 60 झाला. फक्त नंतरचं मोजलं तर स्त्रिया मागं दिसतात, पण शस्त्रक्रियेचा जास्त फायदा त्यांनाच झालाय! आधीचं मोजमाप नसेल तर 'शस्त्रक्रियेनंतर' हा शब्द शीर्षकातून काढून टाका, एवढं मी मार्गदर्शकांनाही सांगेन (हळू आवाजात).

साधनाकडं वळू. एसएफ-36 च्या मूळ प्रश्नावलीत मध्यम श्रमाची उदाहरणं आहेत टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग, गोल्फ. पाटोदा तालुक्यात गोल्फ कुठं खेळतात ते कळवा. भाषांतरात उदाहरण बदललं की प्रश्नाची अवघडता बदलते, ती पुन्हा तपासावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 26 प्रश्नांच्या साधनात सामाजिक संबंधांचे प्रश्न तीनच, त्यातला एक लैंगिक समाधानाचा. साठीच्या विधवा बाईला, शेजारी मुलगा बसलेला असताना, तो विचारणार कसा? आपण ओलांडून पुढं जातो. मग त्या क्षेत्राचा गुण उरतो दोन प्रश्नांवर, तोही मुख्यतः स्त्रियांच्याच बाबतीत. प्रबंधात मात्र तिन्ही प्रश्न विचारल्यासारखा छापला जातो.

आणि माणूस एकटा जगतो असं धरणारी ही साधनं ऊसतोडीच्या जिल्ह्यात तोकडी पडतात. बीडमधून दरवर्षी नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल जोडीच्या नावावर. नवऱ्याची बायपास झाली, छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जड उचलायचं नाही, की कोयता मोडला. मोळी वाहायची कुणी, उचल फेडायची कुणी? त्याचा गुण सुधारत जातो तेव्हा तिचा घसरत असेल, पण ती आपल्या नमुन्यातच नाही, कारण तिचं ऑपरेशन झालेलं नाही. उलट बाजूनं, ऑपरेशन झालेल्या बाईला डॉक्टर जड उचलू नका सांगतात. पाण्यानं भरलेली घागर जड यात धरायची का, हे तिला कुणी सांगितलेलं असतंच असं नाही. म्हणून मी आता प्रश्नावलीसोबत दोन साधे प्रश्न ठेवलेत : घरी पाणी कोण आणतं, आणि ऑपरेशननंतर कितव्या दिवशी चुलीपुढं बसलात.

शेवटी वेळापत्रक. ही गोष्ट मला उशिरा सुचली. मी माहिती गोळा करायला डिसेंबर धरला होता, कॉलेजला तेव्हा सुट्टी असते म्हणून. डिसेंबरात धारूर, वडवणीकडच्या कित्येक वस्त्यांवर घरी असतात म्हातारी माणसं, पोरं, आणि ज्यांना जाणं झेपत नाही ते. जे बरे झाले ते फडावर. मेमध्ये गेलात तर तीच वस्ती वेगळे गुण देईल. माझा नवा आराखडा मेचा आहे, आणि उन्हाचा विचार करून मुलाखती सकाळी नऊच्या आत.