जनाबाईचे दळण

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदाकाठचे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास ठाऊक आहे. दमा आणि करुंड या दाम्पत्याची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास दामाशेटी शिंप्याच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या, घरी आली आणि तेथेच दासी म्हणून राबत राहिली, असे परंपरा सांगते. तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग मिळतात. त्यांतील भक्तीची उत्कटता, भाषेचा साधेपणा आणि वात्सल्याचा ओलावा हे गुण रसिकांनी नेहमीच वाखाणले आहेत, व ते यथार्थच आहे. परंतु या अभंगांत जी गोष्ट अगदी समोर पडलेली आहे, तिजकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. ती गोष्ट म्हणजे परक्याच्या घरी उपसावे लागणारे कष्ट.

दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, धुणे, शेणी वेचणे, अशी जनाबाईच्या दिवसाची सगळी यादी तिच्या कवितेतून मांडता येते. आता कोणी म्हणेल की, इतर संतांनीही आपापल्या धंद्याची भाषा अभंगांत आणलीच आहे. गोरोबांची माती आहे, सावतोबांचा मळा आहे, नरहरी सोनारांची मूस आहे. हे खरे, तथापि येथे एक भेद आहे, आणि तो लहान नाही. गोरोबांनी घडविलेले मडके गोरोबांचे होते. सावतोबांच्या मळ्यातील भाजी सावतोबांची होती. जनीने दळलेले पीठ मात्र जनीचे नव्हते. स्वतःच्या धंद्यात देव पाहणे आणि दुसऱ्याच्या घरच्या, न संपणाऱ्या कामात देव पाहणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

मग जनीने काय केले? तिने देवाला जात्यापाशी बसविले. विठ्ठल तिच्याबरोबर दळतो, कांडतो, पाणी वाहतो, झाडलोट करतो. या प्रसंगांचा अर्थ कीर्तनांतून आणि पाठ्यपुस्तकांतून एकच सांगितला जातो, तो हा की देव भक्तीचा भुकेला आहे. अर्थ चुकीचा नव्हे, पण अपुरा आहे. ज्या घरात जाते फिरलेले आहे तेथील वृद्ध स्त्रीस विचारावे. एकटीने जाते ओढणे आणि समोर दुसरी बसून तिने खुंट्यास हात लावणे, यांत काय अंतर आहे ते ती सांगेल. जनीस तो दुसरा हात हवा होता. तिने देवापाशी धन मागितले नाही, की आपली कीव करावी असेही म्हटले नाही. माय मेली, बाप मेला, आता तूच सांभाळ, एवढे म्हणून तिने त्याला सरळ कामास लावले. देवाचे याहून मोठे माणूसपण मराठी कवितेने क्वचितच कल्पिले असेल.

यावर असा आक्षेप येईल की, आजच्या कामगारांची गाऱ्हाणी तेराव्या-चौदाव्या शतकातील संतिणीच्या तोंडी घालणे हा कालविपर्यास आहे. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. जनीने धन्याविरुद्ध एक अक्षर काढलेले नाही. नामदेवांविषयी तिची निष्ठा निःसंशय आहे, आणि स्वतःस त्यांची दासी म्हणविण्यात तिला धन्यता वाटे. परंतु तीच जनी विठ्ठलास मात्र हवे ते बोलते, रागावते, शिव्याशापही देते. ज्याच्यापुढे बोलता येते असा एकच धनी तिला लाभला होता. मग मनातले सारे त्याच्याच पुढे ओतले गेले, यात नवल ते काय?

पदकाची आख्यायिकाही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. देवाच्या गळ्यातील पदक नाहीसे झाले, ते जनीच्या वाकळेत सापडले, आणि तिला सुळी देण्याचे ठरले. पुढे सुळाचेच पाणी झाले, अशी ही कथा. चमत्कार बाजूस ठेवला तरी तिचा पहिला भाग काल्पनिक वाटत नाही. घरातील दागिना हरवला की संशय प्रथम कोणावर जातो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कथा रचणाऱ्या लोकमानसाला ते पक्के ठाऊक होते.

जनीनंतर हा स्वर थांबला असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांतून जमलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या २०१७ सालापासून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत. तेथेही माहेर, सासर, सीतेचा वनवास यांच्या आडून थकलेला जीवच बोलतो.

आणि जनीचे गाव? गंगाखेडच्या परिसरातून दरवर्षी सुगीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हंगामभर राबावयाचे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरावयाचा. आजारपणाने काम चुकले तर खाडा कापून जावयाचा. कारखाना म्हणतो, ही माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, काम कारखान्याचे. गाऱ्हाणे मांडावे तर धनीच सापडत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले, तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनास समिती नेमावी लागली. खाडा पडू नये म्हणून बाईने शरीराचा अवयवच काढून टाकावा, ही गोष्ट ऐकल्यावर जनीच्या दळणाला केवळ रूपक म्हणण्यास जीभ धजत नाही.

परंतु कारखान्यास दोष देऊन आम्ही व आमचे वाचक मोकळे होऊ शकत नाही. जनी कारखान्यात नव्हती, घरात होती. आणि तेही एका सत्पुरुषाच्या घरात. धनी सज्जन असला म्हणजे दासीचे ओझे हलके होते असे नाही, हे तिचे अभंग कोणास दोष न देता दाखवितात. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी २००८ साली कायदा झाला; तरी भांडी घासणाऱ्या बाईची सुटी, तिचे आजारपण, तिचा पगार या गोष्टी बहुतेक घरांत अजून मालकिणीच्या मर्जीवरच ठरतात.

श्रमिकांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पुढेही लिहिले जाईल. त्या लेखनास जनीचा देव हीच कसोटी लावावी, असे आम्ही सुचवितो. दाराशी उभे राहून हळहळणारे साहित्य कितीही सुंदर असले तरी जात्यापासून ते दूरच राहते. कसोटी वाचकालाही तीच. जनीचे अभंग ज्या घरात गोडीने गाइले जातात, त्या घरी काम करणाऱ्या बाईस महिन्याकाठी किती सुट्या मिळतात, एवढा एक प्रश्न गाणाऱ्याने स्वतःस विचारावा.