गुन्हेगारीपटातील प्रामाणिक इन्स्पेक्टर : ‘जंजीर’ आणि ‘अर्धसत्य’

गुन्हेगारीपटाचे काही संकेत प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असतात. गुन्हा घडतो, तपास करणारा एकटा पडतो, वरिष्ठ किंवा राजकारणी आड येतात आणि शेवटी हिशेब चुकता होतो. याला केवळ साचा म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, कारण शिक्षा देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न चित्रपट याच साच्यातून विचारतो. अमेरिकेत १९३४पासून काटेकोरपणे अमलात आलेल्या निर्मितीसंहितेमुळे पडद्यावरचा गुन्हेगार सुटता कामा नये, असे बंधन आले. हिंदी चित्रपटाने ही शिक्षा अनेकदा न्यायालयाऐवजी नायकाच्या हाती दिली.

‘जंजीर’ (१९७३, दिग्दर्शक प्रकाश मेहरा, लेखक सलीम-जावेद) हे त्याचे ठळक उदाहरण. लहानपणी आई-वडिलांचा खून पाहिलेला विजय पोलिसात जातो, खोट्या आरोपात तुरुंग भोगतो आणि अखेर खुनी तेजाला स्वतःच गाठतो. तेजाच्या अपराधाबद्दल आपल्या मनात शंका उरत नाही. म्हणूनच विजयचा राग आपल्याला न्यायासारखा वाटतो. या संकेताचे बळ इथेच आहे, आणि धोकाही इथेच.

गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हेच संकेत वापरतो. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. इथेही प्रामाणिक सब-इन्स्पेक्टर आहे, राजकारणाचे पाठबळ असलेला रामा शेट्टी आहे आणि हात बांधलेले पोलीस खातेही आहे. पण अनंत वेलणकरचा (ओम पुरी) राग शेट्टीपर्यंत पोहोचतच नाही. पराक्रमाचे श्रेय दुसऱ्याला मिळाल्यावर तो राग कोठडीतल्या एका किरकोळ चोरावर निघतो, आणि त्या मारहाणीत चोर मरतो. जबरदस्त माणसापुढे हतबल झालेली वर्दी दुबळ्यावर हात टाकते, हे चित्रपट कोणतेही भाषण न देता दाखवतो. मग ही हत्या निस्तरण्यासाठी वेलणकर मदत मागायला जातो, तो शेट्टीकडेच! ‘प्रामाणिक’ या विशेषणाचा आधार इथे ढासळतो.

दोन उणिवा मात्र नोंदवल्या पाहिजेत. ज्योत्स्ना (स्मिता पाटील) ही प्राध्यापिका असूनही मुख्यतः नायकाची सदसद्विवेकबुद्धी म्हणूनच वावरते; तिचे स्वतःचे आयुष्य आपल्याला फारसे दिसत नाही. दुसरे, शेवटी वेलणकर शेट्टीला ठार मारतो तेव्हा ‘जंजीर’मधलेच समाधान मिळते. त्यानंतर तो स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन होतो म्हणून चित्रपट सावरतो. पण कोठडीत मेलेल्या माणसाचा विचार तोवर आपल्या मनातून मागे पडलेला असतो.

संकेत मोडल्यामुळे ‘अर्धसत्य’ मोठा ठरत नाही. ओळखीच्या संकेतामागचा बळी तो समोर आणतो, म्हणून तो मोठा ठरतो. पडद्यावरच्या पोलिसी मारहाणीला टाळ्या वाजवण्याआधी मार खाणारा कोण आहे आणि त्याचा गुन्हा कोणी सिद्ध केला आहे, हे पाहायला तो शिकवतो.

विचारासाठी प्रश्न
१. तुमच्या भाषेतील एखादा पोलीसपट निवडा. त्यात कोठडीतील मारहाण कोणाच्या नजरेतून दाखवली आहे?
२. वेलणकर शेट्टीला न मारताच पोलिसांच्या स्वाधीन झाला असता, तर चित्रपटाचा अर्थ कसा बदलला असता?