दोन किलो भात आणि अर्धा किलो मिथेन

पर्यावरण-तंत्रज्ञानातलं नवं संशोधन वर्गात आणा, असं सगळेच सांगतात. आणल्यावर त्याचं काय होतं? एक आकृती, चार फायदे, दोन तोटे आणि 'टीप लिहा'. भोंगवलीत शाळेतल्या मुलांना पुण्याच्या 'आरती' संस्थेचं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांचं छोटं बायोगॅस संयंत्र शिकवताना मीही नेमकं हेच केलं.

संशोधन दमदार आहे, त्यावर वाद नाही. शेणाऐवजी स्टार्च-साखरेचं खरकटं वापरायचं, ही कल्पना. २००६ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. नेहमी सांगितला जाणारा आकडा असा: दोन किलो खाद्यातून सुमारे ५०० ग्रॅम मिथेन, तेही २४ तासांत. शेणातून तेवढाच काढायचा तर ४० किलो शेण आणि ४० दिवस. मी फळ्यावर लिहिलं, मुलांनी उतरवलं.

मग एक मुलगी म्हणाली, "ताई, भातात तर निम्म्याहून जास्त पाणीच असतं ना?"

मी गप्प. हा हिशोब मी कधी केलाच नव्हता! (पीएचडीच्या चौथ्या वर्षी.)

तो अकरावीच्या रसायनशास्त्राचा आहे. स्टार्चच्या एका एककाचं वजन १६२. पूर्ण विघटन झालं तर त्यातून मिथेनचे तीन रेणू, म्हणजे ४८. दोन किलो कोरड्या स्टार्चमधून जास्तीत जास्त ५९० ग्रॅम. म्हणजे ५०० शक्य आहे, पण कोरड्या वजनावर. शिजलेल्या भातात ७० टक्के पाणी धरलं, तर दोन किलोतून १८० ग्रॅमच्या वर जाताच येत नाही. आकडा खोटा नाही; त्याची अट वाटेत गळते.

२४ तासांचंही तसंच. टाकी सुरू करायला आधी शेण घालून जिवाणू वाढवावे लागतात, त्यात काही आठवडे जातात. मुलांना वाटतं, आज टाकलं की उद्या गॅस. शिवाय खरकटं एकदम जास्त टाकलं की आम्ल साचतं आणि मिथेन करणारे जिवाणू थंडावतात. खरं संशोधन इथे आहे, आणि माझ्या स्लाइडवर नेमकं हेच नव्हतं.

पेपर वाचताना तुम्हीही 'प्रति किलो' दिसलं की आधी विचारा: ओला की कोरडा?

पुढच्या खेपेला भोंगवलीला वजनकाटा नेणार आहे. वाटीभर भात तोलायचा, दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा, पुन्हा तोलायचा. आकृती नंतर काढू.