‘पुरावा नाही’ म्हणजे काय?

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ ही स्थानिक संस्था पाहते. लॉस एंजेलिसची संस्था त्या देशात आकाराने दुसरी. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. संस्थेने पालकांना इंटरनेटवरून तातडीने कळवले, शाळाही चालू ठेवल्या. हे चांगलेच झाले.

संस्थेने खंडणी नाकारली. ऑक्टोबरमध्ये चोरांनी माहिती उघड केली. विद्यार्थ्यांचे मानसोपचारविषयक अहवाल फुटल्याचा पुरावा आतापर्यंत दिसलेला नाही, असे अधीक्षक अल्बर्तो कार्व्हालो यांनी तेव्हा सांगितले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकारांनी शोध घेतल्यावर मात्र विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाच्या सुमारे २,००० नोंदी बाहेर गेल्याचे संस्थेने मान्य केले.

आमचा आक्षेप पहिल्या विधानाला नाही. तपास अपुरा असताना ‘पुरावा दिसलेला नाही’ एवढेच म्हणता येते. पण ऐकणारा त्याचा अर्थ ‘काही घडले नाही’ असा घेतो. म्हणून तपास पुढे सरकेल तसे विधान स्वतःहून दुरुस्त करणे ही बोलणाऱ्याचीच जबाबदारी ठरते. विज्ञानात तात्पुरता निष्कर्ष मान्य होतो, तो याच अटीवर. सूचना क्षणात पोचवणारे साधन हाती असताना दुरुस्तीला चार महिन्यांहून अधिक काळ लागला.

‘दिसले नाही’ आणि ‘नाही’ यांतील फरक वर्गात शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावे.