रूप गेल्यावर उरते काय?

प्रत्येक भौतिक वस्तू द्रव्य आणि रूप या दोन तत्त्वांनी बनते, हा अ‍ॅरिस्टॉटलचा सिद्धान्त संत थॉमस अक्वायनस यांच्यामुळे ख्रिस्ती विचारात स्थिरावला. तो समजावून देताना आपल्याकडे हटकून मातीच्या घटाचा दाखला दिला जातो. आमच्या मते घोटाळ्याचे मूळ या दाखल्यातच आहे.

शहागडच्या गोदाकाठची माती घ्या. चाकावर चढण्यापूर्वी ती माती होतीच आणि घट फुटल्यावर खापऱ्याही उरतात. द्रव्य येथे रूपाआधी असते, रूपानंतरही राहते. नदीपाशी हा हिशेब विस्कटतो. पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सुटले की शहागडचे पात्र भरते, एरवी वाळू उघडी पडते. तरी आपण तिला गोदावरीच म्हणतो. मग तिचे द्रव्य पाणी की पात्र? अ‍ॅरिस्टॉटल म्हणेल, नदी वा घट ही खरी उदाहरणे नव्हेत; खरी वस्तू म्हणजे सजीव.

पण सजीवाला घटाचा दाखला लागूच पडत नाही! आत्मा हे देहाचे रूप. मृताचा डोळा अ‍ॅरिस्टॉटलच्या मते केवळ नावाचा डोळा. म्हणजे रूपाआधी देह नाही, नंतरही नाही. मग रूप धारण करणारे द्रव्य कोणते? ज्याला स्वतःचा एकही गुण नाही असे 'मूलद्रव्य', हे उत्तर आम्हांला उत्तर वाटत नाही.

प्रश्न केवळ पंडितांचा नाही. मनुष्यात एकच रूप असते, असे संत थॉमस मानत. तसे असेल तर शव हा निराळाच पदार्थ ठरतो. मग कबरेत होते ते प्रभूचेच शरीर का? दैवी व्यक्तीशी जोडलेले राहिल्यामुळे ते तेच राहिले, असे त्यांनी उत्तर दिले. आपल्या मृतांना त्याचा आधार नाही. त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1277 मध्ये, कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट किल्वर्डबी यांनी या मताशी निगडित विधाने ऑक्सफर्डमध्ये शिकवण्यास मनाई केली. तेही डोमिनिकनच! पुढे डन्स स्कोटस यांनी देहाला देह म्हणून स्वतंत्र रूप मानले. 1312 मध्ये व्हिएनच्या धर्मसभेने आत्मा हेच देहाचे रूप असल्याचे घोषित केले, पण रूपे किती, हे ठरवले नाही.

शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडताना 'ही आमची आई' असे म्हणणारे कुटुंब नकळत स्कोटस यांच्या बाजूने असते, आणि आम्हीही तिकडेच झुकतो. मात्र देह स्वतःच्या रूपाने उभा राहू शकत असेल, तर आत्मा त्यात बिऱ्हाडकरूसारखा राहतो की काय, ही संत थॉमस यांची शंका स्कोटस यांच्या उत्तराने फिटत नाही.